'रनवे क्लिअर' म्हणजे नेमकं काय?

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: घर पिंपळगाव बसवंतजवळ, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एटीसी (विमान वाहतूक नियंत्रण) परीक्षेची तयारी. ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात सुखोई कोसळलं, दोन्ही वैमानिक पॅराशूटने उतरून वाचले, आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात हे प्रश्न घोळतायत. धावपट्टीवर काही भलतंच घडत असताना कंट्रोल टॉवर आणि वैमानिक एकमेकांशी काय बोलतात? काय करायचं ते टॉवर त्याला सांगतो का? जिवावर बेतलं तरी तीच ठरावीक इंग्रजी वाक्यं कशाला, सरळ हिंदीत-मराठीत का बोलत नाहीत? आणि नेमका तेव्हाच रेडिओ बंद पडला तर?

मी तीस वर्षांहून जास्त काळ टॉवरमध्ये काढला, आता निवृत्त होऊन नाशिकला गंगापूर रोडला राहतो. शिरसगावच्या अपघाताबद्दल बोलणार नाही, ते काम चौकशी करणाऱ्यांचं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुझ्या क्रमाने नाही. आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. तिच्यातून बाकीचं बरंच आपोआप कळेल.

विमानतळाचं नाव सांगत नाही. पावसाळ्यातली दुपार होती. नुकतंच उतरलेलं विमान म्हणालं की धावपट्टीवर पक्षी धडकला असावा. मी तपासणीची जीप आत पाठवली. तोवर तीन विमानं टेक-ऑफसाठी रांगेत येऊन थांबली, पश्चिमेकडून काळाकुट्ट ढग सरकत होता आणि प्रत्येकाला तो यायच्या आत निघायचं होतं. जीपवाल्याचा आवाज आला, "टॉवर, रनवे क्लिअर, सर." मी लगेच पहिल्या विमानाला टेक-ऑफचं क्लिअरन्स, म्हणजे परवानगी दिली. शेजारच्या खुर्चीवरचा माझा सहकारी दुर्बिणीतून बघत होता. तो ओरडला, "अहो, जीप आतच आहे!"

विमान धावपट्टीवर वळून सरळ होत होतं, अजून धावायला लागलं नव्हतं. मी म्हणालो, "होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेक-ऑफ." वैमानिक म्हणाला, "होल्डिंग." एवढंच. कोणाला खरचटलंही नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

जीपवाल्याला म्हणायचं होतं की धावपट्टीवर मेलेला पक्षी, पत्र्याचा तुकडा वगैरे काही नाही, जागा साफ आहे. मी ऐकलं की जीप बाहेर पडली. 'क्लिअर' या एका शब्दात दोन्ही अर्थ बसतात. म्हणूनच गाडी किंवा विमान धावपट्टीतून पूर्ण बाहेर आलं की 'रनवे व्हेकेटेड' म्हणायचं, असा वेगळा शब्द ठरलेला आहे. जीपवाल्याने शब्द सैल वापरला हे खरं. पण त्याची चूक लहान आणि माझी मोठी. मला 'जीप बाहेर आली' हेच ऐकायचं होतं, म्हणून मी तेच ऐकलं. दोन सेकंद घालवून "कन्फर्म व्हेकेटेड?" एवढं विचारायला हवं होतं.

धावपट्टीवरच्या संभाषणातला सगळा धोका मला या एका गोष्टीत दिसतो. माणूस कानाने कमी आणि अपेक्षेने जास्त ऐकतो. इंग्रजी कच्चं असणं वगैरे त्यानंतर येतं.

आता स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा अपघात घे. हे तू वाचलं असशीलच, पण मराठी माणसाच्या कानाने परत बघ. सिडकोत राहणाऱ्या मित्राला तू फोन करतेस, तो म्हणतो, "निघालोय." तुला वाटतं की तो द्वारका सर्कलपर्यंत पोचला असेल. प्रत्यक्षात तो घरात चप्पल शोधत असतो. आपल्या 'निघालोय'ला हे दोन्ही अर्थ आहेत आणि आपण रोज त्यावरून भांडतो. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात अगदी हेच झालं, फक्त उलट्या दिशेने. केएलएम या डच कंपनीचं जम्बो टेक-ऑफसाठी धावायला लागलं होतं. त्याचा सहवैमानिक म्हणाला, "वी आर नाउ ॲट टेक-ऑफ." टॉवरला वाटलं, हा टेक-ऑफच्या जागी उभा आहे. टॉवर म्हणाला, "ओके," आणि थोडं थांबून, "स्टँडबाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू." त्याच क्षणी त्याच धावपट्टीवर असलेल्या पॅन ॲमच्या विमानाने सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच चालतो आहोत. दोघे एकदम बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टीसारखी किंचाळी ऐकू आली. स्वच्छ ऐकू आला तो एकच शब्द, 'ओके'. ५८३ माणसं गेली.

ती किंचाळी समजून घे, परीक्षेतही उपयोगी पडेल. आपला विमानाचा रेडिओ फोनसारखा नसतो. बटण दाबलं की तू बोलतेस, सोडलं की ऐकतेस. बोलत असताना तुला काहीही ऐकू येत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्याला दोघांचंही नीट कळत नाही, आणि बोलणाऱ्या दोघांना आपला निरोप बुडाला हे कळतही नाही. म्हणून उत्तर आलं नाही तर 'पोचलं असेल' असं कधी धरायचं नाही. आणीबाणीत हे जास्त होतं, कारण सगळ्यांनाच तेव्हा काहीतरी सांगायचं असतं.

टेनेरिफनंतर 'टेक-ऑफ' या शब्दाचं सोवळं पाळायला सुरुवात झाली. टेक-ऑफचं क्लिअरन्स देताना किंवा ते रद्द करतानाच हा शब्द उच्चारायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. आमच्या आजीचं सोवळं आम्हाला कटकट वाटायचं. हे सोवळं मात्र मी डोळे मिटून पाळलं.

पण नुसत्या शब्दांनी सगळं भागतं असं समजू नकोस. २ जानेवारी २०२४ ची टोकियोची हानेदा विमानतळावरची गोष्ट बघ. तटरक्षक दलाचं छोटं विमान आदल्या दिवशीच्या भूकंपासाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने त्याला सांगितलं, तू नंबर एक (रांगेत पहिला), होल्डिंग पॉइंट सी-फाइव्हपर्यंत, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांबायच्या जागेपर्यंत ये. वैमानिकाने रीडबॅक (मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं) बरोबर दिला, शब्दाला शब्द. आणि तरीही ते विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे चाळीस सेकंद उभं राहिलं, कारण कॅप्टनच्या मनात परवानगी मिळाल्याचं पक्कं बसलं होतं. 'नंबर एक' या दोन शब्दांनी त्याला भरच घातली असणार, असं माझं मत. मागून जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं आणि आदळलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला, मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले. त्यानंतर जपानने काही काळ कंट्रोलरना 'नंबर एक' वगैरे क्रम सांगणंच बंद करायला लावलं.

म्हणजे रीडबॅक बरोबर होता आणि समज चुकीची होती. म्हणून मी शिकाऊ मुलांना सांगायचो की रीडबॅक कानाने ऐका आणि डोळे धावपट्टीवर ठेवा. रीडबॅक चालू असताना पुढच्या विमानाच्या माहितीची पट्टी लिहायला मान खाली घालण्याची सवय सगळ्यांना लागते. मलाही होती.

आता तुझा मुख्य प्रश्न: टॉवर वैमानिकाला काय करायचं ते सांगतो का?

बहुतेक वेळा नाही. आणि सांगूही नये. विमान थांबवायचं की उडवायचं, प्रवासी उतरवायचे की नाही, हा निर्णय कॅप्टनचा. टेक-ऑफच्या धावेत एक ठरलेला वेग असतो, व्ही-वन. त्याच्या आत असेल तर थांबता येतं, तो ओलांडला की थांबायला धावपट्टी पुरत नाही, उडावंच लागतं. तो वेग कधी गाठला हे टॉवरला दिसत नाही. त्यामुळे समोर दुसरं विमान किंवा गाडी आली आणि धडक टळणारच नाही असं दिसलं, तरच टॉवर म्हणतो, "स्टॉप इमिजिएटली," कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) परत घेऊन पुन्हा "स्टॉप इमिजिएटली." वैमानिकाचं उत्तर एक शब्द: "स्टॉपिंग." उतरणाऱ्याला "गो अराउंड" (न उतरता परत वर जा), उत्तर "गोइंग अराउंड." एवढ्या छोट्या वाक्यांना कारण आहे. त्या वेळी ऐकणाऱ्याच्या मेंदूत जागाच नसते. कारण सांगत बसलीस तर तो कारण ऐकत बसेल.

मग टॉवरचा उपयोग काय? टॉवर हे वैमानिकाचे बाहेरचे डोळे असतात. कॉकपिटमधून स्वतःची इंजिनं बहुतेक मोठ्या विमानांत दिसत नाहीत. पंख पेटला तरी पुढे बसलेल्याला फक्त एक धक्का आणि एखादा लाल दिवा. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला बोइंग ७३७ चं डावं इंजिन टेक-ऑफच्या धावेत फुटलं. कॅप्टनला आधी वाटलं टायर फुटला असावा, त्याने विमान थांबवायला घेतलं. आग खूप मोठी आहे हे त्याला टॉवरने सांगितलं, आणि प्रवासी उजव्या बाजूने उतरवलेले बरे असंही सुचवलं. पण विमान धावपट्टीवरून बाजूला वळून थांबलं तेव्हा हलका का होईना, वारा आगीला विमानाच्या अंगावर ढकलत होता. १३७ पैकी ५५ जण गेले, बहुतेक धुराने. तेव्हापासून वाऱ्याचा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात जास्त ठळक बसला. धावपट्टीवर आग दिसली की मी दोनच गोष्टी लगेच सांगायचो: कोणत्या बाजूला काय दिसतंय, आणि वारा कुठून किती.

पॅरिसला २५ जुलै २००० ला काँकॉर्डलाही टॉवरनेच सांगितलं की तुमच्या मागे ज्वाळा दिसतायत. तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेली होती. सांगूनही काही होत नाही, असेही दिवस या नोकरीत असतात. हे आधीच माहीत असलेलं बरं.

वैमानिकाशी बोलताना जितकं कमी तितकं चांगलं, पण टॉवरमध्ये त्याच वेळी हात चारी दिशांना चाललेले असतात. क्रॅश बेल दाबायची, फायर स्टेशनच्या थेट लाइनवर विमानाचा प्रकार आणि जागा सांगायची. विमानतळाच्या अग्निशमन गाड्यांनी धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला दोन मिनिटांत पोचावं, तीन मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ती घड्याळाची टिकटिक तुझ्या फोनपासून सुरू होते. आपल्याकडे विमान अजून हवेत असेल आणि काही बिघाड सांगत असेल, तर परिस्थिती बघून 'लोकल स्टँडबाय' किंवा 'फुल इमर्जन्सी' जाहीर करतात. उतरायला आलेल्यांना वर थांबवायचं, जमिनीवरच्यांना जागेवर उभं करायचं. कोणी मध्येच पार्किंगची चौकशी करायला लागलं तर फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांना गप्प करणारा अधिकृत निरोप आहे: "स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे." मेडे ही जिवावरच्या संकटाची ठरलेली हाक; हा निरोप दिला की फ्रिक्वेन्सी संकटातल्या माणसाची. या शांततेइतकी मोठी मदत टॉवर दुसरी कुठलीच करू शकत नाही असं मी मानतो.

नवखा कंट्रोलर इथे चुकतो. त्याला वाटतं मदत म्हणजे विचारपूस. विमानात किती जण? इंधन किती? धोकादायक माल आहे का? हे सगळं लागतं, अग्निशमनवाल्यांना तर फार लागतं, पण कॅप्टनला हात मोकळा मिळाल्यावर. वैमानिकांना शिकवतात की आधी विमान सांभाळ, मग दिशा सांभाळ, मग बोल. बोलणं तिसरं. त्याने तुला "स्टँडबाय" म्हटलं तर तोंडावर फोन आपटल्यासारखं वाटून घ्यायचं नाही. गप्प बसायचं आणि समोर बघत राहायचं.

उलट बाजूने वैमानिकाकडूनही एक मोठी चूक होते, आणि ती आपल्या माणसांना लगेच कळेल. छातीत कळ येत असलेला माणूस दवाखान्यात जाऊन म्हणतो, "जरा अस्वस्थ वाटतंय, बघता का?" आणि बाकावर बसून राहतो. संकोच. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या एव्हियान्काचं विमान न्यूयॉर्कला बराच वेळ हवेत थांबवलं होतं. सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपत आलंय असंही सांगितलं. पण 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' हा शब्द कंट्रोलरपर्यंत गेलाच नाही. गर्दीच्या संध्याकाळी इंधन कमी असल्याची कुरकूर कंट्रोलर रोज ऐकतो. ते विमान इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. संकटाला ठरलेल्या नावाने हाक मारली नाही तर समोरच्याला ती नेहमीची कुरकूर वाटते. 'मेडे' तीनदा म्हटलं की सगळे खुर्चीत सरळ होतात. जिवाला थेट धोका नाही पण तातडी आहे, त्यासाठी 'पॅन-पॅन', तेही तीनदा. कंट्रोलर म्हणून तुझं काम असं की बोलणं मिळमिळीत आणि आवाज घाबरलेला वाटला, तर सरळ विचारायचं: "आर यू डिक्लेअरिंग इमर्जन्सी?" विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

आता मराठी-हिंदीचं. मला आपल्या भाषेचा अभिमान कमी नाही, पण इथे मुद्दा अभिमानाचा नाही. फ्रिक्वेन्सीवर तू एकाशी बोलतेस आणि दहा जण ऐकत असतात. त्या ऐकण्यावरून प्रत्येक वैमानिक डोळ्यासमोर चित्र उभं करतो: कोण उतरतोय, कोण धावपट्टीवर आहे. २५ मे २००० ला पॅरिसच्या विमानतळावर एका फ्रेंच विमानाला टेक-ऑफचं क्लिअरन्स फ्रेंचमध्ये दिलं गेलं. पुढे धावपट्टीला मधूनच मिळणाऱ्या टॅक्सीवेवर एक छोटं ब्रिटिश मालवाहू विमान उभं होतं, त्याला इंग्रजीत लाइन-अप करायला, म्हणजे धावपट्टीवर येऊन उभं राहायला सांगितलं. मागून कोणी धावत येतंय हे त्या ब्रिटिश वैमानिकांना कळलंच नाही. धडकेत त्यांच्यातला एक गेला. कंट्रोलरचा गैरसमज मुळाशी होता, पण तो पकडू शकले असते असे दोन कान भाषेमुळे बाहेर राहिले. जमिनीवरच्या जीपवाल्याशी आपण हिंदीत बोलतोच. माझी चूक आठव, म्हणजे त्यातली जोखीम कळेल.

आकड्यांच्या बाबतीत तर मराठी माणसाने जास्तच जपावं. लासलगावच्या लिलावात भाव ओरडले जातात तेव्हा एकोणसाठ की एकोणसत्तर हे नवख्याला कळत नाही, आपली जीभ दशक आणि एकक उलटं घेते. म्हणून आरटीवर, म्हणजे रेडिओवरच्या संभाषणात, आकडे बहुतेक सुटे सुटे बोलतात, थ्री ला 'ट्री', फाइव्ह ला 'फाइफ', नाइन ला 'नायनर'. तरीही घोटाळे होतातच. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ एका मालवाहू जम्बोला 'टू फोर झीरो झीरो', म्हणजे २४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. वैमानिकांनी त्यातला 'टू' हा आकडा नव्हे, 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' समजला, राहिले ४०० फूट. विमान डोंगरावर आदळलं, चौघेही गेले. आणि शांत डोक्याचे म्हणून जगाने डोक्यावर घेतलेले, हडसन नदीवर विमान उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर? १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर मेडे देताना त्यांनी स्वतःचा कॉलसाइन १५४९ ऐवजी १५३९ म्हटला. ताणाखाली पहिले आकडे घसरतात, सगळ्यांचेच.

तुझ्या तयारीसाठी एवढंच: कोणी फोन नंबर सांगितला की "हो हो" म्हणू नकोस, पूर्ण परत म्हणून दाखव. महिनाभर घरचे वैतागतील. आवाजाच्या चाचणीत खणखणीत बोलण्याच्या नादात घाई करू नकोस. आणि गोंदिया किंवा प्रयागराजला ट्रेनिंगला गेलीस तर सिम्युलेटरवर मुद्दाम चुकीचा रीडबॅक देणारा सोबती शोध, बरोबर देणारे भरपूर भेटतात. ओझरला एकाच धावपट्टीवर प्रवासी विमानं आणि लढाऊ विमानांची चाचणी उड्डाणं दोन्ही होतात, हे तू लहानपणापासून बघतेसच. सिंहस्थात गर्दी आणखी वाढेल. मिसळ वाहतूक बघायला तुला लांब जायला नको.

रेडिओ गेला तर: वैमानिक ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख पाठवणारं यंत्र) ७६०० लावतो, तो आकडा आमच्या पडद्यावर उमटतो. टॉवरमध्ये छताला किंवा हाताशी एक दिव्याची बंदूक असते, तिचा झोत थेट विमानावर धरायचा. उतरायला येणाऱ्याला स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नको. जमिनीवरच्याला स्थिर लाल म्हणजे थांब, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टीतून बाहेर हो. माझ्या सगळ्या नोकरीत ती खऱ्या कामासाठी दोनदाच हातात घ्यावी लागली. समोरच्याला दिवा दिसला हे कळायचं कसं, तर दिवसा हवेतलं विमान पंख हलवतं, रात्री लँडिंग लाइट दोनदा लावून विझवतं. जमिनीवर असेल तर पंखांच्या कडेचे एलेरॉन किंवा शेपटीचं रडर हलवून दाखवतं. पहिल्यांदा मी हिरवा झोत धरला तेव्हा ते पंख हलेपर्यंत बोट बटणावरून काढलं नव्हतं.